कॅमेऱ्याआड

"हनुवटी जरा वर कर. अजून थोडी. बस, तशीच राहा."

शीतलने हनुवटी वर केली. ड्रेसिंग रूममधल्या उंच स्टुलावर ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. सिस्टरने नुकतीच तिच्या चेहऱ्यावरची पट्टी सोडवली होती आणि ती हात धुवायला बेसिनकडे वळली होती. दर्शनाने नवा कॅमेरा छातीसमोर धरला. साबणाच्या डबीएवढा कॅमेरा. खिशात टाकला तरी जाणवू नये असा. त्याच्या मागच्या पडद्यावर शीतलचा उजवा गाल, कान आणि तिथून मानेपर्यंत लावलेली मांडीची कातडी दिसत होती. काही ठिकाणी कातडी धरली होती. गालाच्या मध्यावर आणि ओठाच्या कोपऱ्याशी धरली नव्हती. अंतराचा अंदाज घ्यायला दर्शनाने पडद्यावरची नजर उचलून शीतलकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

"ताई, खूप वाईट झालंय का ओ?"

"नाही गं. भरत आलंय चांगलं."

"तुमच्या तोंडावरून तसं वाटत नाही."

दर्शनाने नजर पुन्हा पडद्यावर नेली. मग म्हणाली, "मी आपली कॅमेऱ्यात बघत होते. बारीक अक्षरं असतात त्यात, डोळे बारीक करायला लागतात."

"कॅमेऱ्यात नाही. आत्ता वर बघितलंत ना, तेव्हा." शीतलच्या आवाजात राग नव्हता. ओठाचा एक कोपरा ओढला गेल्यामुळे ती सावकाश, एकेक शब्द सोडवून घेतल्यासारखी बोलत होती. "इथे सगळे हसत हसत येतात. डॉक्टर हसतात, सिस्टर हसतात. माझी सासू आयुष्यात कधी हसली नाही, ती पण परवा हसत होती. आरसा मागितला तर म्हणतात, देऊ, घाई काय आहे. मोबाईल नवरा घरी घेऊन गेला. मला वाटलं, असेल बाबा, बरंच होत असेल. आत्ता कळलं."

"शीतल, मी डॉक्टर नाही. माझ्या तोंडावर जाऊ नकोस."

"नाही जात," शीतल म्हणाली आणि पुढचा फोटो डाव्या बाजूचा असतो हे माहीत असल्यामुळे न सांगताच वळून बसली.

*

मुलुंडच्या त्या इस्पितळात भाजलेल्या रुग्णांचा वेगळा वॉर्ड होता, आणि दर्शना त्या वॉर्डाची फोटोग्राफर होती. तसं पद कुठे असतं हे बाहेरच्या लोकांना माहीत नसे. लग्नाकार्यात कोणी विचारलं, तर "हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच ती सांगायची. रुग्ण आला की एकदा, ऑपरेशनच्या आधी, नंतर, आणि मग तो बरा होऊन घरी जाईपर्यंत दर काही दिवसांनी त्याच अंतरावरून, त्याच उजेडात फोटो घ्यायचे. जखम किती भरली, कातडी कुठे आखडतेय, हे डॉक्टर त्यावरून ठरवत.

फोटो काढायला ती वडिलांकडे शिकली होती. सीताराम यांचा भांडुपला छोटा स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलींचे फोटो काढायला लोक लांबून येत, कारण निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मुरमं आणि देवीचे व्रण घालवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्टुडिओ बंद पडला, वडील गेले, आणि दर्शनाला ही नोकरी लागली. इथे पेन्सिल चालत नव्हती. जे आहे ते सगळं दिसायला हवं होतं.

तिचा जुना डीएसएलआर कॅमेरा नोकरी लागली तेव्हापासूनचा नसला, तरी त्यालाही बरीच वर्षं झाली होती. जाडजूड काळा कॅमेरा, त्याला तशीच जड लेन्स, लेन्सच्या तोंडाभोवती गोल दिवा. लहान मुलं त्याला पाहून रडायची. शीतल पहिल्या दिवशी, अर्धवट शुद्धीत, "ही काय तोफ आहे काय" असं म्हणाली होती. घाटकोपरला ती फरसाणाच्या ऑर्डरी घ्यायची. कढई स्टोव्हवरून कलंडली आणि उजव्या अंगावर तेल आलं.

वर्षानुवर्षं ते वजन पेलून दर्शनाचं मनगट गेलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, बादली उचलवत नव्हती. त्यातच कॅमेऱ्याचं शटर मध्येच अडकायला लागलं. तेव्हा वॉर्डच्या डॉक्टर गार्गी सबनीस यांनी वर खटपट करून मंजुरी मिळवली: एकतर जुन्याचं शटर बदलून घ्यायचं, नाहीतर नवा छोटा कॅमेरा घ्यायचा. विकणाऱ्याने छोटा कॅमेरा आठवडाभर वापरून बघायला दिला होता.

"तुम्हीच ठरवा, दर्शनाताई," गार्गी म्हणाल्या होत्या. "वापरायचा तुम्हाला आहे. पण मला विचाराल तर छोटाच घ्या. पुसायला सोपा, फोटो थेट कॉम्प्युटरवर जातात, आणि तुमच्या हाताचा त्रास वाचेल."

दर्शनालाही तसंच वाटलं होतं. हातात घेतला तेव्हा तर बरंच वाटलं. रुग्णही कमी बिचकतील, असं तिच्या मनात आलं होतं.

आठवडा संपायला अजून वेळ होता, आणि शीतल हे असं बोलली.

*

त्या दिवशी तिने आणखी कितीतरी फोटो काढले. प्रत्येक वेळी पडद्यावरून नजर वर उचलताना ती स्वतःच्या चेहऱ्याला सांभाळू लागली. कपाळ सैल सोड. ओठ मिटू नकोस. हसू नकोस, पण हसल्यासारखी राहा. एका म्हाताऱ्या बाईंचा हात पाहताना ती इतकी तोंड सांभाळत राहिली की फोटो हलला, आणि पुन्हा घ्यावा लागला.

बाकीच्यांना हे कसं जमतं, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं की सिस्टर, वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळे पहिल्या काही महिन्यांतच हे शिकतात. शिकावंच लागतं. तिला कधी लागलं नव्हतं. खोलीत शिरताना ती कॅमेरा डोळ्याला लावत असे, आणि त्याच्या मागे तिच्या तोंडाला हवं ते करायची मुभा होती. कधी ते वाकडं व्हायचं, कधी डोळ्यांतून पाणी यायचं, कधी ती दात आवळून धरायची. कॅमेरा खाली येईपर्यंत सगळं पुसलेलं असायचं. इतकी वर्षं ती तिथे, त्या काळ्या यंत्राच्या पाठीमागे, एकटी राहत आली होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

संध्याकाळी विक्रोळीला घरी आली तर नवऱ्याने, नितेशने, कुकर लावून ठेवला होता. त्याची ड्युटी त्या आठवड्यात सकाळची होती. दर्शना खुर्चीत बसून मनगटाला मलम चोळू लागली.

"आण इकडे," नितेशने डबी घेतली. "छोटा कॅमेरा देतायत ना? मग घेऊन टाक. हाताची पार वाट लागलीय तुझ्या. विचार कसला करतेस एवढा?"

"नितेश, मी घरी येते तेव्हा माझ्या तोंडावर दिसतं काय रे? दिवस कसा गेला ते?"

तो चोळायचा थांबला. "हे काय मध्येच?"

"सांग ना."

"पहिल्यांदा दिसायचं," तो विचार करून म्हणाला. "लग्न झालं तेव्हा. तू आत आलीस की मला कळायचं, आज कोणीतरी गेलंय. मग मी काही विचारायचो नाही. आता नाही दिसत. आता रोज सारखंच. दमलेलं." पुन्हा चोळायला लागून त्याने विचारलं, "का? कोण काय बोललं काय?"

"नाही," दर्शना म्हणाली. "कुकर बघ, तिसरी झाली वाटतं."

*

आठवडा संपला तेव्हा ती गार्गींच्या खोलीत गेली. गार्गी डबा खात होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली आणि डब्यातली वडी पुढे केली.

"मॅडम, मला मोठाच ठेवायचाय. शटर बदलून घेऊ या."

गार्गींना आश्चर्य वाटलं. "का? फोटो नीट येत नाहीत का? मी दोन्हीचे शेजारी ठेवून बघितले. मला तरी काही फरक दिसला नाही."

"फरक नाहीच आहे."

"मग? हाताचं काय करणार? अजून बरीच नोकरी आहे तुमची."

"पट्टा बांधून करीन."

गार्गींनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. चांगली बाई होती. रुग्णाच्या उशाशी बसून बोलणारी, नातेवाइकांवर कधी न ओरडणारी. तिला खोटं सांगावंसं दर्शनाला वाटेना.

"तो छोटा हातात असला की माझं तोंड उघडं पडतं," ती म्हणाली. "पेशंट माझ्याकडे बघत असतात. त्यांना कळतं."

"अच्छा," गार्गी हळू आवाजात म्हणाल्या. "बरोबर आहे. माझ्या लक्षातच आलं नाही हे. पेशंटच्या दृष्टीने..."

इथे हो म्हणता आलं असतं. कारण चांगलं होतं आणि तेवढ्यावर भागलंही असतं. पण शीतल काही रडली नव्हती. उलट त्या दिवसानंतर तिने सासूला हसणं बंद करायला सांगितलं होतं आणि नवऱ्याशी पहिल्यांदा नीट बोलली होती, असं सिस्टर सांगत होती.

"पेशंटसाठी नाही, मॅडम. काहींना तर कळलेलं बरंच वाटेल. माझ्यासाठी म्हणतेय." दर्शनाने वडी हातातच धरून ठेवली होती. "तुम्हा सगळ्यांना चेहरा करता येतो. मला नाही येत. आता या वयात शिकायची ताकद पण नाही. मला लपायला जागा पाहिजे."

गार्गींनी डब्याचं झाकण लावलं. त्या काही समजुतीचं बोलतील, रजा घ्या म्हणतील, असं दर्शनाला वाटलं. पण त्या उठून बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

"पाठवा दुरुस्तीला," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "मी स्टोअरला सांगते."

*

शीतलचं दुसरं ऑपरेशन झालं. गालाच्या मध्यावर पुन्हा कातडी लावली. तोवर कॅमेरा दुरुस्त होऊन आला होता. शटरचा आवाज पूर्वीपेक्षा जरा कोरडा येत होता, एवढंच.

पट्टी सुटल्यावर दर्शना ड्रेसिंग रूममध्ये गेली, ती कॅमेरा डोळ्याला लावूनच.

"तोफ परत आली?" शीतलने विचारलं.

"हो."

"छोटा बिघडला काय?"

"नाही. मला हिचीच सवय आहे." लेन्सभोवतीचा गोल दिवा लावत दर्शना म्हणाली, "समोर बघ. सरळ. लेन्समध्ये."

शीतलने समोर पाहिलं. तिच्या गालावर गोल दिव्याचा पांढरा उजेड पडला. यावेळी कातडी बऱ्यापैकी धरली होती, पण कडेला जाड वळ उठला होता आणि डोळ्याची खालची पापणी किंचित ओढली गेली होती. दर्शनाचं तोंड कॅमेऱ्यामागे आक्रसलं. तिने ते आक्रसू दिलं. बटणावर बोट ठेवलं.

एवढ्यात समोरचं चित्र बिघडलं. शीतलचा चेहरा धूसर होत मोठा मोठा होत गेला. ती स्टुलावरून पुढे वाकत होती.

"शीतल, मागे राहा. फोकस जातोय."

ती मागे गेली नाही. आणखी जवळ आली, आणि थांबली. तिच्या श्वासाची ऊब दर्शनाच्या लेन्स धरलेल्या बोटांना लागली. लेन्सची रुंद काच होती, भोवती उजेड होता. शीतल त्या काचेत पाहत होती.

काय होतंय ते दर्शनाच्या ध्यानात आलं. कॅमेरा बाजूला करावा, सिस्टरला हाक मारावी, असा नियम होता. चेहरा पहिल्यांदा दाखवताना डॉक्टर समोर असायला हवेत. सिस्टर पाठमोरी होऊन कापूस कापत होती. दर्शनाने हाक मारली नाही. तिने श्वास रोखला आणि दुसरा हात लेन्सखाली घालून कॅमेरा हलू न देता धरून ठेवला.

डोळ्याला लावलेल्या खिडकीतून तिला आता काहीच नीट दिसत नव्हतं. तांबूस धुकं, त्यात एक काळा ठिपका, तो डोळा असावा. ठिपका डावीकडे सरकला. पुन्हा मध्ये आला. मग धुकं तिरकं झालं; शीतलने मान वळवली होती, कानाकडची बाजू पाहायला. बोटांची सावली वर आली आणि गालापासून थोड्या अंतरावर थबकली. गालाला लागली नाही.

दर्शनाचं मनगट ठणकायला लागलं. तिने वजन कोपरावर घेतलं.

शेवटी धुकं मागे सरलं. कडा जुळून आल्या आणि शीतल पुन्हा आपल्या जागी, स्टुलावर, सरळ बसलेली दिसली. तिने डाव्या बाजूचे केस कानामागे नेले. गाऊनचा गळा सारखा केला. हात मांडीवर ठेवले.

"घ्या," ती म्हणाली.