बसून बघायची खिडकी

परवा सकाळी मुकादमाचा ट्रक पालमच्या फाट्यावर यायचा होता आणि मनकर्णाचं अजून ठरत नव्हतं. ऊसतोडीचे सहा महिने. सासूला, छबूबाईला, मागं ठेवायचं की फडावरच्या झोपडीत, कोपीवर, न्यायचं? छबूबाईचे गुडघे गेलेले. उभं राहणं संपलेलं, बसून सरकायची. पण म्हणणं एकच, "नवं घर सोडून मी पाचटाच्या कोपीत यायची न्हाई."

"मग अंधाऱ्या खोलीत कोंडून घेता का?" मनकर्णा म्हणायची. "भाकर-पाणी शेजारी बघतील, पर खिडकी तुमची तुमाला उघडून गल्लीत हाक मारता आली तरच ऱ्हावा. न्हाई तर चला संगं."

त्या खिडकीच्या झडपा घेऊन ज्ञानेश्वरी आली होती. मुंजाजी सुताराची थोरली लेक. बापाचं मनगट मोडल्यापासून रंधा, पटाशी, करवत सगळं तिच्याच हाती. तिनं केलेली चौकट आश्रुबा गवंड्यानं कालच गजांसकट भिंतीत बसवली होती. आज झडपा. बाभळीच्या उभ्या फळ्या, मागून आडव्या पट्ट्या, कडेला बिजागऱ्या. ज्ञानेश्वरीनं त्या लावल्या, एका बोटानं ढकलल्या. कुठं घासलं नाही. पापणी मिटावी तशी खिडकी मिटली.

"आता बघा, आजी."

छबूबाई सरकत भिंतीशी आली. हात वर केला. कडी हातभर वरच राहिली. ज्ञानेश्वरीनं झडप उघडून दिली, तशी म्हातारीनं मान मागं टाकली.

"आभाळ दिसायलंय. लय छान हाय. पर आभाळाशी काय बोलू, बाई?"

"झालं," मनकर्णा म्हणाली. "चला मग संगं."

छबूबाई भिंतीला धरून बसली, जणू भिंतच तिला सोडवून घेणार होती.

ज्ञानेश्वरी चौकटीकडं बघत राहिली. जमिनीपासून तीन फूट. बाप कायम हेच माप घ्यायचा, उभ्या माणसाचं. माप खरं होतं. माणूसच निराळा होता.

"थांबा, काकू. चूक माजी हाय. मी भिंत मोजली, आजीला मोजलंच न्हाई."

ती म्हातारीशेजारी फतकल मारून बसली. तिची पाठ भिंतीला टेकवली. कोपर, खांदा, डोळे, तिन्ही जागी पेन्सिलीनं रेघा ओढल्या.

"मामा, चौकट दोन फूट खाली घ्या."

तंबाखू मळणारा आश्रुबा थांबला. "काय गं ए, ही खिडकी हाय का मांजराची वाट? कालच बसवलीय मी!"

"म्हणून तर आजच काढायची. सिमिट अजून ओलं हाय. उद्या तुमचीच छिन्नी रडंल."

"आन् विटा?"

"खालच्या निघतील त्याच वर भरा. भिंतीला काय, पोटात असल्या काय न् डोक्यात असल्या काय!"

आश्रुबा हसला आणि पहार घ्यायला उठला.

"आन् आमी वाकून बघायचं व्हय?" मनकर्णा.

"न्हाई. वरची जोडी तुमची, खालची आजीची." ज्ञानेश्वरीनं झडप काढून आडवी घातली, मधोमध करवत लावली. "दोनाच्या चार करते. कुत्रं आलं तर खालची लावायची, वारं वरून येऊ द्यायचं."

"चोर?"

"गज हायत की. लेकराचं डोकंबी जायचं न्हाई त्यातून."

संध्याकाळपर्यंत चौकट खाली आली. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी घरून आणखी चार बिजागऱ्या नि पट्ट्या घेऊन आली. लोखंडी कडीला म्हातारीची वाकडी बोटं दमली असती, म्हणून खालच्या जोडीला तिनं लाकडाची खिटी केली. आडवी फिरवली की बंद, उभी केली की मोकळी. कोपराच्या रेघेवर बसवली.

मनकर्णा मुद्दाम गल्लीत जाऊन उभी राहिली. "उघडा!"

खिटी फिरली. खालच्या दोन झडपा बाहेर उघडल्या आणि गजांमागं छबूबाईचा चेहरा आला. गल्लीतून शेजारचा सिताराम बैल घेऊन चालला होता.

"सिताराम, बैलाचा खांदा सुजलाय की रं! हळद लाव."

सिताराम इकडं तिकडं बघायला लागला. आवाज कुठून आला ते त्याला कळेना. छबूबाई खुदकन हसली आणि जात्यावर म्हणायची त्या चालीत गुणगुणली,

"सुताराच्या लेकी, तुज्या हाताला गं कान,
आइकीती म्हातारीच्या गुडघ्याचं गाऱ्हान."

मनकर्णानं दोनदा झडपा लावायला लावल्या, दोनदा उघडायला. मग घरात गेली. दळणाचं पोतं सोडलं आणि ज्वारीच्या दोन वाटण्या केल्या: एक कोपीवरची, एक घरची.