तारा बांधणारी जेरी

"घ्या ना, दोन्या जेरी. पहिला डाख तुमच्याच हातचा."

हिमेनाने सोल्डरिंगची तापलेली दांडी मुठीकडून पुढे केली. कॉलेजच्या तळघरातल्या त्या खोलीत जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या क्लबची पोरं टेबलाभोवती कोंडाळं करून उभी होती. मधोमध पिनबॉल या गोळीच्या खेळाचं जुनं मशीन झाकण उघडून आडवं पडलं होतं आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा त्याच्या पोटातून बाहेर लोंबत होत्या.

जेरीने, म्हणजे जेराल्डिन मस्लांकाने, कोटाच्या खिशातले हात बाहेर काढले नाहीत.

"नको," ती म्हणाली. "मला उशीर होतोय."

घरी तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं. तरी ती उठली, दाराशी जाऊन एकदा मागे वळून पाहिलं आणि बस पकडून शिकागोजवळच्या सिसेरोला परतली. पुढच्या आठवड्यात ती क्लबमध्ये फिरकली नाही.

खरं तर तिला तिथे बोलावून नेलं होतं हिमेनानेच. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असे. हिमेना आरोयो तिथे वाढायला उभी राहायची. ताटात कोबीची कोशिंबीर वाढता वाढता ती कुणाला तरी सांगत होती, की आमच्या क्लबने एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्याच्या तळघरातून पिनबॉल आणलाय, तारांचं पार वाटोळं झालंय आणि नव्या कशा बांधायच्या ते कुणालाच ठाऊक नाही.

"मी बांधायचे," रांगेत मागे उभी असलेली जेरी म्हणाली. तोंडातून निघून गेलं, एवढंच.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या पिनबॉलच्या एका कारखान्यात तिचं तरुणपण गेलं होतं. लांबलचक टेबलं आणि दोन्ही बाजूंना बायकाच बायका: पोलिश, दक्षिणेतून आलेल्या काळ्या, पोर्तो रिकोच्या. प्रत्येकीपुढे खिळे ठोकलेली एक फळी. खिळ्यांच्या वाटेवरून रंगीत तारा फिरवायच्या आणि मेणाच्या दोऱ्याने त्यांची जुडी बांधायची. वेणी घालावी तशी. जुडी तयार झाली की ती पुढच्या दालनात जायची आणि तिथे तिचं काय होतं, ते या बायकांना कधी दिसायचं नाही. कारखाना बंद पडल्यावर जेरी इस्पितळाच्या धुलाईत लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. आई आधी काय करायची, असं विचारलं तर तिचा मुलगा सांगायचा, "कुठल्या तरी फॅक्टरीत होती." त्यात त्याचा दोष नव्हता. तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. पायरीवर हिमेना होती आणि तिच्या मागे एमेट ब्रिग्ज, क्लबमधला ताडमाड पोरगा. हिमेनाच्या हातात गोड पावांची पिशवी होती.

"आमचं काही चुकलं का, दोन्या जेरी?" हिमेनाने विचारलं. आपल्या आजीच्या वयाच्या बाईला ती 'दोन्या', म्हणजे स्पॅनिशमधल्या 'बाईसाहेब'शिवाय दुसरी कुठली हाक मारूच शकली नसती.

"तुमचं काही नाही गं. वय झालं माझं."

"हात थरथरतात म्हणून आला नाहीत ना?" एमेट म्हणाला.

हिमेनाने त्याला कोपराने ढोसलं. जेरीचा चेहरा उतरला. म्हणजे खिशात लपवूनही दिसलं होतं तर.

"अगं, मला बोलू दे की," एमेट म्हणाला आणि त्याने आपले दोन्ही पंजे जेरीच्या नाकासमोर धरले. बोटाबोटाला पट्ट्या होत्या. "मिसेस मस्लांका, हे बघा. हे हात अजिबात थरथरत नाहीत. आणि तरी मी लावलेला डाख बघून आमचे सर म्हणाले, च्युइंगम चिकटवलंस काय रे?"

जेरीला हसू आवरेना. हसता हसता तिने दार पूर्ण उघडलं.

"कॉफी घेणार?"

त्यानंतर ती दर शनिवारी जाऊ लागली. पोरांनी तिच्या सांगण्याप्रमाणे फळीवर खिळे ठोकले. ती खुर्चीवर बसून जुन्या जुडीवरून रंग सांगायची, हिमेना तारा फिरवायची, एमेट दोरा आवळायचा.

"घट्ट आवळ. बुटाची नाडी आहे का ती?"

"आणखी आवळला तर तार तुटेल, मिसेस मस्लांका."

"तार नाही तुटत. तू आळशी आहेस."

कामाच्या नादात पोरं खोदून खोदून विचारायची आणि ती सांगत राहायची. तिचा नवरा लेन त्याच कारखान्यात होता, पण शेवटच्या टोकाला. तयार झालेलं मशीन खेळून तपासायचं, हे त्याचं काम.

"म्हणजे दिवसभर पिनबॉल खेळायचा पगार?" एमेटने आ वासला.

"हो ना! आणि घरी येऊन म्हणायचा, दमलो बाई आज!"

"आणि तुम्ही? तुम्ही कशा खेळायच्या?"

"मी? कधीच नाही. बायकांना तिकडे सोडत नसत. आणि गुत्त्यात जाऊन खेळले असते तर सासूने घरात घेतलं नसतं."

पोरांनी हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं. जेरीला त्याचं नवल वाटलं. तिला स्वतःला या गोष्टीचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण वाईट वाटण्याजोगी ती होती, हे कुणाला तरी समजलं, तेव्हा छातीत काहीतरी ऊबदार हललं. लेन असता तर त्याने हे ऐकून थट्टाच केली असती. तरीही तो असायला हवा होता.

जुडी मशीनमध्ये बसली, डाख लागले आणि बटण दाबलं. अर्धे दिवे लागले. अर्धे मेल्यासारखे पडून राहिले.

"तारा बरोबर आहेत," जेरी ठासून म्हणाली. "दुसरीकडे कुठे तरी बघा."

पोरांनी सगळीकडे बघितलं. शेवटी हिमेनाने जुनी, कुरतडलेली जुडी उजेडात धरली. "दोन्या जेरी... ही करडी आहे. तुम्ही पांढरी सांगितली होती."

जेरीने चष्मा पुसून पाहिलं. करडीच होती. तिचे कान तापले. इतक्या दिवसांची या पोरांची मेहनत, आणि घोटाळा तिने केला!

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "डोळेही गेले आता."

"चला, बरं झालं," एमेट म्हणाला. "इतके दिवस या खोलीत चुकणारा मी एकटाच होतो."

संध्याकाळपर्यंत तारा बदलून झाल्या. मग सगळे दिवे एकदम लागले. आत घंटा किणकिणल्या आणि आकड्यांची चाकं खडखडत शून्यावर आली. पोरांनी तिला खुर्चीतून उठवून मशीनपुढे उभं केलं. तिने स्प्रिंगचा दट्ट्या ओढून सोडला. पोलादी गोळी वर उसळली, इकडून तिकडे आदळत खाली आली आणि गोळी परतवणाऱ्या दोन्ही पट्ट्यांच्या, फ्लिपरच्या, मधून सरळ आत गेली.

"एवढंच?" जेरी म्हणाली.

हशा पिकला. दुसऱ्या गोळीला तिची थरथरती बोटं बटणांवर अशी काही टपटपली, की बुडणारी गोळी तीनदा परत वर गेली. एमेट बेंबीच्या देठापासून ओरडला. जेरी रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "पोरांनो," ती एवढंच म्हणू शकली, "देव तुमचं भलं करो."

हिमेनाने तिला गाडीतून घरी सोडलं. अंधार पडू लागला होता आणि शिकागोच्या मोठ्या तळ्याकडून बोचरा वारा येत होता. पायरीवर जेरीने किल्ली काढली. ती कुलपाभोवती ठकठक वाजली, घसरली, पुन्हा वाजली. एरवी सोबत आलेलं माणूस वळून निघून जाईपर्यंत ती किल्ली काढतच नसे.

"धर," तिने किल्ली हिमेनापुढे केली. "तू उघड. आत ये, बार्लीचं सूप आहे."

हिमेना कुलपाशी वाकली. जेरी बाजूला सरकून उभी राहिली. त्या थंडीत तिचे दोन्ही हात खिशाबाहेर होते, आणि तिने त्यांना हवं तसं थरथरू दिलं.