काकूंचं कार्ड

वाचनालयासाठी सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला होता, "एकदा विकत घ्या आणि निर्धास्त राहा." राहिलो. आता त्याच कंपनीनं कळवलं की विकत घेतलेलं बंद. यापुढे दरवर्षी भाडं, आणि तेही कार्डामागे. कार्डाचा धनी जिवंत आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आणि आमच्याकडे गेलेल्यांची कार्डं काढून टाकायची पद्धतच नाही. कधी कोणाचा मुलगा येतो, आईनं शेवटी काय वाचायला नेलं होतं विचारतो, आम्ही बघून सांगतो. त्याचं काही ओझं नव्हतं. मी फोन करून भांडले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमचे जुने ग्राहक, म्हणून तर आधी कळवलं." डोकंच फिरलं माझं. पण तिच्यावर ओरडून काय उपयोग, तीही पगारीच. समितीनं हात वर केले: माणशी एक कार्ड, माणूस जिवंत हवा, बाकीची महिनाअखेरीला काढा.

काढत बसले. नाव शोधा, बटण दाबा. स्क्रीन दर वेळी विचारणार, नक्की काढायचं का? नक्की कसलं डोंबल. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले. त्यात शिंपीकाकांच्या बायकोचं कार्ड समोर आलं आणि हात चालेना.

काका कोपऱ्यावरच्या दुकानात जन्मभर पँटी शिवत आले. पुस्तकाशी उभा दावा. वाचायच्या त्या काकू. त्या गेल्या, आणि काही दिवसांनी काका काउंटरशी येऊन उभे राहिले. "बाई, हिनं पहिलं पुस्तक कुठलं नेलं होतं हो?" मी काकूंचं कार्ड उघडून सांगितलं, काकांनी ते स्वतःच्या कार्डावर नेलं. तेव्हापासून हेच चाललंय. मी पुढचं एकच नाव सांगायचं, जास्त नाही. निघताना विचारतात, "अजून आहेत ना?" मी "आहेत" म्हणते. अलीकडे ते म्हणताना मी त्यांच्याकडे बघत नाही, कारण यादीत फारशी उरलेली नाहीत. ती संपली की हा माणूस काय करणार, याची मला मनापासून धास्ती आहे.

दुसऱ्या दिवशी काका आले. रहस्यकथेचं पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "हिला खुनाशिवाय झोप यायची नाही, आणि मला खून झाला की लगेच डोळा लागतो."

मी सांगून टाकलं. कंपनी, भाडं, समिती, सगळं. "काकूंचं कार्ड काढावं लागतंय, काका. मी सगळी यादी छापून देते."

"नको. हातात आली की मी आधी शेवट बघणार. किती उरलीत ते मला कळायला नकोय."

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला स्वतःचाच राग येत होता.

"माणशी एक कार्ड म्हणालात ना?"

"हो."

"मग आमच्या घरात माणूस एकच. माझं काढा."

"अहो, पण तुम्ही जिवंत आहात."

"तसा आहे. पण माझ्या कार्डावर आहे काय? सगळं तिचंच उष्टं. आणि नावाचं म्हणाल, तर दुकानाच्या पाटीवरही तिचंच आहे."

मी काकांचं नाव शोधलं. स्क्रीननं कारण विचारलं: मृत्यू, स्थलांतर की इतर. मी स्थलांतर निवडलं. काकूंच्या कार्डावर काकांचा फोन नंबर घातला आणि पुढचं पुस्तक त्याच कार्डावर दिलं.

कार्ड बंद करणार तेवढ्यात लक्षात आलं. काकूंनी कधीकाळी वाचलेलं ते पुस्तक यादीच्या तळाशी पुन्हा उमटलं होतं, आजच्या तारखेनं. इतके दिवस काकांनी नेलेलं काकांच्या कार्डावर पडत होतं. आता काका वरून एक उचलणार, आणि ते खाली जाऊन बसणार.

काका दारापर्यंत पोचले होते. "अजून आहेत ना?"

"आहेत, काका," मी या वेळी त्यांच्याकडे बघून म्हणाले. "आता संपायची नाहीत."

ते गेले. मी पुढचं नाव उघडलं. स्क्रीननं विचारलं, नक्की काढायचं का?