घासलेला पत्रा

मनगटापर्यंत काळा झालेला तळहात.

फळीखाली दाबून ठेवलेले ओले कागद.

उलट्या अक्षरांतली सही.

भांड्यांची घासणी.

तीन पदरी लोकरीचं घोंगडं, एका कोपऱ्यात झिजलेलं.

मित्रांनो, या वस्तूंचा एकमेकींशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो, पण सावकाश. मी चित्रं छापायचं जुनं यंत्र आहे. दोन लोखंडी रूळ, त्यांच्यामधून सरकणारा जाड पाट आणि बाजूला मोठं चाक. कारखान्याने मला भारदस्त नाव दिलं होतं. या घरातल्या सासूबाई मला पाहून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर उसाचा चरक!" तेव्हापासून मी चरकच.

माझी मालकीण म्हणजे त्यांची सून. ती रंगवायचीही, पण तिचा खरा जीव छपाईत. पोलादी सुईने ती तांब्याच्या पत्र्यावर चित्र ओरखडायची. सुई फिरली की रेघेच्या कडेला तांब्याची बारीक कुसळं उभी राहतात. शाई त्यांच्यात अडकते, म्हणून छापलेली रेघ मऊ दिसते. शाई चोपडायची, फडक्याने पुसायची, शेवटचा हात तळहाताचा. मग पत्र्यावर ओला कागद, कागदावर घोंगडं, आणि फिरव चाक.

एक कबूल करतो. ती कुसळं माझ्याच दाबाने मोडतात. दर छापाला चित्र थोडं पुसट होतं. जे छापायचं तेच झिजवायचं, असा माझा धंदा. चाळीस वर्षं केला.

कौतुक झालं. तिच्यासोबत माझाही फोटो छापून आला. मग तिचा खांदा धरला, आणि दोन वर्षं माझ्या पाटावर रद्दी आणि इस्त्रीचे कपडे साचत गेले. मी कुरकुरलो नाही. कुरकुरायलाही तेल लागतं.

अशात एका चित्रदालनाने बारा प्रती मागितल्या. "सगळ्या एकसारख्या हव्यात," दालनवाल्याने बजावलं. तिने पत्र्यावर सासूबाईच काढल्या. खुर्चीत डुलकी लागलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला. चार प्रती निघाल्या आणि खांदा आखडला. एरवी ती पत्रा तेलाने स्वतः पुसून ठेवायची. त्या दिवशी तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडून परतली, तर टेबलावर पत्रा लखलखत होता.

"आई, तुम्ही हे काय केलंत?"

"घासला! काळाकुट्ट पडला होता गं. तुझा हात दुखतोय, म्हटलं तेवढंच एक काम कमी. बघ, तोंड दिसतंय."

"तुमचंच तोंड होतं त्यावर."

सासूबाईंनी घासणी पदराआड केली. "मग आधी सांगायचंस ना, बाई."

तीन दिवस दोघी बोलल्या नाहीत. "आता पुरे," ती कुणाला तरी फोनवर सांगत होती. "त्या यंत्रालाही कुणी नेत असेल तर नेऊ दे." मी ऐकलं. भंगाराची भीती वाटायला हवी होती. नुसता थकवा वाटला.

चौथ्या दिवशी सासूबाई दारात उभ्या. "एकदा छापून तर बघ. चाक मी फिरवते."

"तुम्ही? या वयात?"

"जन्मभर भांडी घासलीत. दंड आहेत अजून."

चाकावर तीन हात लागले, सासूबाईंचे दोन आणि तिचा एक. कागद उचलला. चेहरा धुक्याआड गेल्यासारखा, आणि त्याच्याभोवती असंख्य बारीक गोल ओरखडे.

"हे गोल गोल काय गं?"

"तुमची घासणी."

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मग माझीही सही पाहिजे. निम्मं काम माझं आहे."

तिने सुई पुढे केली. पत्र्यावर उलटं लिहावं लागतं, हे मात्र सांगितलं नाही. सासूबाईंनी जीभ दातात धरून सरळ लिहिलं, आणि पाचव्या प्रतीवर ते उलटं उमटलं.

"बघितलंस? मुद्दाम बोलली नाहीस ना!"

"आधी सांगायचं राहिलं, आई."

उरलेल्या सात प्रती तशाच निघाल्या. दालनवाल्याने पहिल्या चार ठेवल्या, बाकीच्या परत पाठवल्या. "येऊ देत," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली. मला न्यायला माणूस आला, तेव्हा तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. माझ्या रुळांना वर्षातून दोनदा तेल द्या. पाटावर रद्दी ठेवू नका. आणि दुसऱ्याच्या कामातलं काही काळं दिसलं, तर घासायच्या आधी विचारा. घासून झालंच असेल, तर तीन दिवस गप्प बसू नका. आमच्या वयात तीन दिवस फार होतात.

ही खोली आधी सासूबाईंची होती. मला आणलं त्या दिवशी त्यांनी आपली खाट स्वतःच ओढत बाहेर नेली.