चंद्राच्या वतीने

कार्तिकातली सांज कृष्णेच्या पात्रावर हळदुली होऊन उतरत होती. काठचा ऊस तुऱ्यावर आला होता. रुपेरी, रेशीमस्पर्शी, वाऱ्यासवे लवणारा ऊस. नदी संथ, पाणी संथ, पाण्यावरचा उजेडही संथ. दारोदारच्या रांगोळ्या विस्कटलेल्या, आकाशकंदिलांच्या शेपट्या गळालेल्या. आज भाऊबीज होती, आणि दिवाळी दमली होती.

मालन एस.टी.तून उतरली ती अर्ध्या झोपेतच. मिरजेला ती घरात मशीन टाकून शिवणकाम करते, आणि शिवणाऱ्या बाईला कसली आलीय दिवाळी! नवरात्र सरलं की दारात बायकांची रीघ. "ताई, उद्या द्याच हं!" त्या उद्याला अंत म्हणून नाही. पायडल मारून मारून पोटऱ्यांचे दगड झालेले, डोळ्यांत कोरडी रखरख, पाठ तर बोलायचीच बंद झालेली. साऱ्या गल्लीला तिनं नवं लेवविलं आणि स्वतः जुन्याच साडीत बसमध्ये बसली. थकली होती बिचारी, पार थकली होती.

पण तिच्या पिशवीत निगुतीनं घडी घातलेलं एक पोलकं होतं. त्या पोलक्यापायी ती आली होती.

मालनला सख्खा भाऊ नाही. आहे ती एक थोरली बहीण, आक्का. ज्या बहिणींना भाऊ नसतो त्या भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात, तशा या दोघी बीजेच्या कोवळ्या, कृश, क्षणभंगुर कोरीला ओवाळत आल्या. लहानपणी एकदा मालन हटून बसली होती. सगळ्या पोरींच्या ताटात भाऊ काहीतरी घालतात, मग चंद्र काय घालणार? तेव्हा आक्कानं स्वतःच्या गळ्यातली काचमण्यांची माळ काढून तिच्या ताटात ठेवली आणि गंभीरपणे सांगितलं, "चंद्राच्या वतीनं."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. कधी परसातला पिकला पेरू, कधी हातानं वळलेल्या वातींची जुडी, कधी जुन्या पदराच्या काठाची इवलीशी बटवी. आक्काच्या संसारात ओढग्रस्तीचे दिवस आले, गेले, पुन्हा आले. पण चंद्र कधी रिकाम्या हातानं आला नाही. काय काय सुचायचं त्या बाईला! आणि आक्काच्या ताटात? तिच्या ताटात आजवर कुणी काहीच घातलं नव्हतं, हे मालनच्या ध्यानात यायला निम्मं आयुष्य जावं लागलं.

म्हणून यंदा चंद्र व्हायचं मालननं ठरवलं होतं.

विकत आणायची ऐपत नव्हती, पण कात्रणं होती. वर्षभर मशीनखाली साचलेली, गिऱ्हाइकांनी नको म्हणून टाकलेली कात्रणं. डाळिंबी, मोरपंखी, अबोली, वांगी. जरीचा एखादा कण, इरकलीचा एखादा काठ. साधं काळं सुती कापड घेऊन तिनं त्याच्या बाह्यांवर, गळ्यावर, पाठीवर ते रंग जडवले. सीझनची कामं आवरली की डुलक्या खात, बोटांना टोचून घेत जडवले. माप विचारायचा प्रश्नच नव्हता. आक्काचं माप तिला पाठ होतं. भरल्या दंडाची, रुंद पाठीची, कुशीत घेतलं की सगळं जग झाकून टाकणारी आक्का! तिचं माप कुणी विसरतं का?

दारात आक्का उभी होती. संधिप्रकाश तिच्या पाठीशी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला.

"आलीस व्हय गं मालू? किती वाळलीयास!"

"तूच बघ, एवढं गुंडाळून घेतलंयस."

"गार वारं सुटलंय नव्हं."

आणि मालननं ते खरं मानलं. थकलेल्या माणसाला जे समोर येतं ते खरं वाटतं. दाजी आपल्या बहिणीकडे भाऊबिजेला गेले होते. घरात दोघीच होत्या. अंगणात पाट मांडला होता, निरांजन तेवत होतं, आणि पश्चिमेच्या फिक्या जांभळ्या आभाळात चंद्राची कोर नुकती उमटली होती.

"थांब, आधी माझं," मालन म्हणाली, आणि तिनं आक्काच्या ताटात पोलकं ठेवलं. "चंद्राच्या वतीनं."

आक्का बघतच राहिली. एकेका रंगावरून तिनं बोट फिरवलं. मग ती घाईनं म्हणाली, "उद्या घालते हं."

"उद्या? मुळीच नाही. आत्ता घाल. ज्यानं पाठवलंय त्याला बघू तरी दे!"

"मालू, हट्ट नको करूस."

"करणार! वर्षातून एकदा करते."

आक्का आत गेली. गेली ती गेलीच. निरांजनाची ज्योत वाऱ्यानं हलली, कोर उसावर टेकायला आली, तरी ती येईना. मालन उठून आत गेली.

खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली आक्का पाठमोरी उभी होती. पोलकं तिच्या अंगावर नव्हतं. ते नुसतं खांद्यांना अडकलं होतं, खुंटीला अडकावं तसं. मानेची हाडं उघडी, दंड काडीसारखे, आणि जिथं रुंद, सुखद, सावलीदार पाठ असायची तिथं नुसती मणक्यांची रांग. ते सगळे रंग, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, सैल लोंबत होते.

"छान शिवलंयस गं," आक्का वळून हसली. "जरा ढगळ हाय, एवढंच. ढगळच बरं असतंय."

"आक्का, काय झालंय तुला?"

"काय न्हाई."

"माझ्या गळ्याची शपथ आहे!"

आक्का खाटेच्या कडेवर बसली. "शुगर निघालीया. लई वाढल्याली. गोळ्या दिल्यात."

"घेतेस का?"

"घेते की." मग ती खाली बघत म्हणाली, "कवा कवा ऱ्हातंय."

"आणि मला सांगितलं नाहीस? रोज फोनवर 'बरी आहे, बरी आहे'?"

"तुझा सीझन होता बाई. तू सगळं टाकून धावली असतीस. उगा तुझ्या जिवाला घोर."

मालनला रडू कोसळलं. शीण म्हणू नका, राग म्हणू नका, भीती म्हणू नका. सगळंच एकदम आलं. गावभरच्या बायकांना टेप लावत फिरते मी, आणि माझ्या माणसाचं अंग झडत गेलं ते मला कळलं नाही! आई गेल्यावर जिनं आपल्याला पोटाशी धरलं, ती आपल्यादेखत अशी विरून जाईल काय?

"उद्या माझ्याबरोबर मिरजेला चल. मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"म्हशीचं कोण बघणार?"

"दाजी बघतील! म्हशीला बहिणी नाहीत, तुला आहे."

आक्काला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. "बरं बाई," ती म्हणाली. "येते."

बाहेर कोर केव्हाच उसाआड गेली होती. यंदा कुणी कुणाला ओवाळलंच नाही.

मालननं डोळे पुसले. आपल्या पोलक्याच्या खांद्याला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला. "हात वर कर," ती म्हणाली. आक्कानं मुलीसारखे हात वर केले आणि दमून बहिणीच्या खांद्यावर कपाळ टेकलं. काहीच भार लागला नाही.

"जास्तीचं कापून टाक की. उगा लोंबतंय," आक्का पुटपुटली.

"मी नाही कापायची."

तिनं ते कापड आत दुमडलं, तसूभरही न तोडता दुमडलं. आणि पक्की शिवण न घालता लांब लांब धावदोरा घालत गेली. काखेपासून कमरेपर्यंत, एकेक टाका सैल, एकेक टाका हलका; उद्या आक्का अंगानं भरली की एका ओढीत उसवता यावा असा.