एकाहत्तर निकष

भिंतीवरचा तक्ता फरशीवर उतरला होता. एकाखाली एक सात कागद. शेवटचा वळून जमिनीवर अकरा सेंटिमीटर पुढे आलेला. मी पट्टीने मोजलं. काल तो नऊ होता.

वर नऊ साधनांची नावं, डावीकडे एकाहत्तर निकष. आमच्या बियाणं-कोठारासाठी नवी संगणक-प्रणाली करायची होती. कोणती माहिती कशाशी जोडलेली आहे, याचा आराखडा आधी काढायचा. तो या नऊपैकी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचा, हे ठरवायचं काम माझं. सात आठवडे झाले होते. माझा नवरा म्हणाला, "मला हो म्हणायला तीन वर्षं लावलीस. त्या मानाने हे सुसाट चाललंय."

बाई मात्र थांबणार नव्हत्या. एकतीस वर्षं त्या कोठार सांभाळत होत्या. कुठलं पाकीट कुठल्या शेतातलं, कुठल्या बरणीवरचं नाव चुकलेलं, हे फक्त त्यांच्या डोक्यात. शुक्रवारी त्या निवृत्त होऊन लेकीकडे कायमच्या निघणार, आणि आज मंगळवार. आराखड्याशिवाय त्यांना विचारायला सुरुवात कुठून करायची, तेच आम्हाला कळत नव्हतं.

रोजच्यासारखं अकराला त्यांनी दारातून डोकं आत घातलं. "झालं का गं ठरवून?"

"होतच आलंय, बाई," मी म्हणाले.

"पहिल्या दोन साधनांच्या गुणांत फक्त तीन दशांशाचा फरक उरलाय," आमचा प्रोग्रॅमर लंबू म्हणाला.

"दोन," फुलपाखरू म्हणाली. ती आराखडे काढते आणि मत रोज बदलते, म्हणून हे नाव. "मी सकाळी मत बदललं."

बाई आत आल्या. तक्त्याच्या शेपटावर पाय पडू नये म्हणून साडीचा काठ उचलून त्यांनी तो ओलांडला आणि शेजारच्या कागदापाशी थबकल्या. त्यावर पाच चौकटी होत्या आणि त्यांना जोडणाऱ्या नीटस रेषा.

"हे काय?"

"निवडयंत्र," लंबू अभिमानाने म्हणाला. "मतं इतकी बदलायला लागली, की हिशेब ठेवायला आम्ही एक छोटा प्रोग्रॅम केला. हा त्याचा आराखडा. ही साधनं, हे निकष, हे गुण, ही मतं, आणि ही मत बदलल्याची तारीख."

"ती चौकट माझ्यामुळे आहे," फुलपाखरू म्हणाली.

"छान आहे की. किती दिवस लागले?"

"दिवस? दीड तास."

"आणि कशात काढलंत?"

लंबूने माझ्याकडे पाहिलं. मी फुलपाखराकडे. फुलपाखराने छताकडे.

"ते... साधं आहे ना एक," लंबू म्हणाला. "आपण नुसतं लिहीत जायचं, चौकटी आपोआप येतात."

"ते तुमच्या यादीत आहे?"

"आहे."

"कितवं?"

"नववं."

बाईंनी वरची नावं बोटाने मोजली. नऊ भरली. "मग तेच का घेतलंत?"

"पटकन हवं होतं," फुलपाखरू म्हणाली. "आम्हाला घाई होती हो, बाई."

"अगं बाई! आणि मला काय, फुरसत आहे?"

पहिल्यांदा लंबूच्या नाकातून आवाज आला. मग फुलपाखरू मटकन खुर्चीत बसली. खुर्चीला चाकं होती, ती तिला घेऊन कपाटावर आदळली. "काखेत कळसा..." बाईंनी सुरुवात केली, पण पुढचं त्यांच्याही तोंडून फुटेना, पदर तोंडाला लावून त्या गदागदा हलत होत्या. लंबू डोळे पुसत म्हणाला, "निकष बहात्तर! घाईत कोणतं उघडलं!" आणि खरोखरच पेन घेऊन फरशीवर गुडघे टेकून बसला.

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. माझे गाल दुखत होते. सात आठवड्यांत जे वाक्य एकदाही जिभेवर आलं नव्हतं, ते हसण्याच्या दोन उचक्यांमधल्या जागेत सहज मावलं.

"नववं घेतलं," मी म्हणाले. "बसा, बाई. पहिली बरणी सांगा."