कोरडा कूलर

आमच्या धुळ्यात मे महिन्यात माणसं एकमेकांना कसे आहात असं विचारत नाहीत. "नळ आले का?" असं विचारतात. नळ आले असतील तर माणूस बरा आहे, नसतील तर पुढे काही विचारण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत नळाचा दिवस उलटून गेला होता आणि पाणी आलं नव्हतं. कुठे पाइप फुटला म्हणे. दरवर्षी कुठे ना कुठे फुटतोच.

मी दवाखान्यात नर्स आहे, आणि उन्हाळ्यात माझी ड्यूटी उष्माघाताच्या वॉर्डात असते. शेतावरून, रस्त्याच्या कामावरून, लग्नाच्या वरातीतून आणलेली माणसं. त्यांच्या काखेत बर्फ ठेवायचा, अंगावर ओली चादर टाकायची, सलाईन लावायचं, नातेवाइकांना बाहेर काढायचं. त्यांतली बरीचशी माणसं वाचतात. त्या दिवशीही सकाळपासून तेच चाललं होतं, आणि दुपारी माझ्या सासूबाईंचा फोन आला.

"संघा, आस्क्या उठत नही शे. जीभ बाहेर काढेल शे. तू ये लवकर."

आस्क्या म्हणजे आमचा कुत्रा. मुलीनं, वृषालीनं, बारावीत असताना सावद्याच्या केळीच्या खोक्यात घालून तो आणला आणि त्याचं नाव ऑस्कर ठेवलं. सासूबाईंच्या तोंडात ते बसेना, त्यांनी आस्क्या केलं. मग वृषाली शिकायला पुण्याला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि कुत्रा राहिला आमच्याकडे. वृषालीचा तो फोटोतला होता, खरा तो द्रौपदाबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांच्या खाटेखाली झोपायचा. त्या भाकरीचा पहिला तुकडा त्याला टाकायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "तू त्याले लाडावी ठेयेल शे."

मी रजा सांगून रिक्षा करून घरी आले. सासूबाई दारातच होत्या. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून कूलरचा आवाज येत होता. आमचा कूलर पत्र्याचा, जुना, असा घरघरतो की फोनवर बोलायचं असलं तर आधी तो बंद करावा लागतो. मी आत पाऊल टाकलं आणि तोंडावर भट्टीची हवा आली.

आस्क्या फरशीवर आडवा पडला होता. डोळे उघडे, पण कुठेच बघत नव्हते. त्याला उचलताना माझी नजर भिंतीवरच्या बटनांकडे गेली. पंख्याचं चालू होतं, पंपाचं बंद. तरी मी हात लावून पाहिला. कूलरचं गवत कोरडं ठणठणीत होतं, बोटाखाली चुरचुरलं.

वॉर्डात जे करते ते सगळं केलं. फ्रिजमधला बर्फ, ओलं फडकं, पंजे भिजवणं. शेजारच्या सुपडूभाऊंनी गाडी काढली. जनावरांच्या डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी ताप मोजला आणि थर्मामीटर पुसत म्हणाले, "ऊन लागलं. थोडं आधी आणलं असतं तर..."

हे वाक्य मी स्वतः कितीतरी नातेवाइकांना ऐकवलंय. आता कुणाला ऐकवणार नाही.

झालं होतं ते असं. गल्लीत हळद होती. सासूबाई तिकडे निघाल्या, तेव्हा कुत्रा मागे येईल, उन्हात पाय भाजतील म्हणून त्याला मागच्या खोलीत कोंडलं, वर प्रेमानं कूलर लावून दिला. पण ड्रममध्ये पाणी तळाला गेलेलं. नळ येईपर्यंत पंप बंद, नुसता पंखा, हा आमच्या घरातलाच नाही तर अख्ख्या गल्लीतला कायदा आहे. मीही पाळते. माणूस असला तर कोरडा कूलर गरम हवा फेकायला लागला की उठून बाहेर जातो. कुत्र्याला कडी काढता येत नाही. पत्र्याचं छप्पर, बंद दार, पश्चिमेची भिंत. बाकी मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, माझा धंदाच तो आहे.

माझे मिस्टर प्रशील नरडाण्याच्या कारखान्यातून संध्याकाळी आले. कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी आणि सुपडूभाऊंनी खड्डा खणायला घेतला. मे महिन्यातली जमीन. पहार मारली की नुसती उडून परत यायची. शेवटी सुपडूभाऊ घरी गेले आणि दोन बादल्या पाणी आणून त्या जागेवर ओतलं. माती मऊ झाली. मी त्या ओल्या मातीकडे बघत उभी राहिले. तेवढ्या पाण्यावर आमचा कूलर संध्याकाळपर्यंत चालला असता. हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

बोलायला लोक होतेच. समोरच्या बेबाबाई म्हणाल्या, नजर लागली, काळा दोरा बांधायला हवा होता. बैल गेला आणि झोपा केला. सुपडूभाऊंना खात्री होती की हळदीच्या मांडवातून कुणीतरी काहीतरी खाऊ घातलं. प्रशील म्हणाले, अटॅक असेल, आजकाल कुणालाही येतो. वृषाली पुण्यातून उंटावरून शेळ्या हाकत होती: गोचीडताप होता का, लस कधी दिली होती, त्याला खोलीत कुणी कोंडलं, किती वेळ कोंडलं. रोज संध्याकाळी फोन. मी रोज म्हणायची, "ऊन लागलं गं. यंदा माणसं मरतायत." ती ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "पण आजी घरात होती ना?"

आणि दुसऱ्या बाजूनं सासूबाई. मी ड्यूटीवरून आले, चहा टाकला, की खाटेवरून प्रश्न यायचा.

"कसाघाई मरना वं तो?"

"ऊन लागलं, आई."

"तो ते घरमा व्हता."

"घरातसुद्धा लागतं."

त्या मान हलवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, त्याच जागी बसून. मला वाटायचं, म्हातारीला खरंच कळलेलं नाही. बटन बंद करणं त्यांच्या हाताची सवय. दिवा मालवावा तसं. लहानपणी गावाबाहेरच्या विहिरीवर त्या वरून कुणी ओंजळीत पाणी ओतेल याची वाट बघत उभ्या राहिलेल्या. त्या बाईला पाणी वाहून जाताना बघवत नाही, मी भांडी घासताना नळ सोडला तरी त्यांचा जीव वरखाली होतो. त्यांना कसं सांगायचं, की आई, तुम्ही वाचवलेल्या पाण्यानं तो गेला? त्यात त्यांना ब्लडप्रेशर. आणि वृषालीला कळलं तर ती आजीशी जन्मात बोलणार नाही; पोरगी माझ्यावर गेलीय, तिला विसरता येत नाही.

म्हणून मी गप्प होते. असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी चिडलेली होते. इतकी, की भाकरी थापताना परात वाजायची. त्या पाणी मागायच्या तर मी तांब्या आदळून ठेवायची. मी गप्प बसले ते दयेनं की त्यांना तसंच प्रश्नात ठेवायला मला बरं वाटत होतं म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. आणि थकवा तर असा, की वाटायचं, कुणीतरी मलाच बर्फात घालून ठेवावं.

सासूबाईंचं जेवण कमी झालं. भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या, हात खाली न्यायच्या आणि तो तुकडा तसाच ताटाच्या कडेला ठेवायच्या. प्रशील म्हणाले, "आपण दुसरं पिल्लू आणू." मी म्हटलं, "आधी पाणी आणा."

मग एके दिवशी वॉर्डात एक शेतमजूर बाई आली, सासूबाईंच्याच वयाची. ती वाचली नाही. तिचा मुलगा मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "सिस्टर, आम्ही लवकर आणायला पाहिजे होतं का?" मी त्याला म्हटलं, "तुम्ही आणलंत ना." हे काही उत्तर नव्हे, त्यालाही कळलं. बदलीला सिस्टर आली आणि मी दुपारीच घरी निघाले.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. खाट रिकामी. हाक मारली, उत्तर नाही. आणि मग मागच्या खोलीतून कूलरची घरघर ऐकू आली.

दार बंद होतं. आतून कडी.

मी दार बडवलं. "आई! आई, दार उघडा!" कूलरच्या आवाजात त्यांना ऐकू जात होतं की नाही कुणास ठाऊक. मी खांदा लावला, तेव्हा कडी निघाल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि तीच हवा तोंडावर आली. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, चेहरा लालबुंद, पातळ घामानं भिजलेलं. उष्माघात झाला की घाम थांबतो; घाम आहे हे बघून माझ्यातली नर्स आधी शांत झाली. मी त्यांना धरून ओसरीत आणलं, बसवलं, तोंडावर पाणी मारलं, मीठसाखरेचं पाणी दिलं. मग माझ्यातली सून ओरडली.

"काय करत होतात आत? मरायचंय का?"

त्यांनी दोन घोट घेतले. फुलपात्र खाली ठेवलं.

"दखी राहिनू," त्या म्हणाल्या, "त्याले कसं लागनं व्हई."

मी फुलपात्र उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

"बटन मीच बंद करं व्हतं. माले वाटनं, पानी वाची जाई." त्या माझ्याकडे बघत होत्या. "तुले मालूम व्हतं ना? तू गवतले हात लावा, मी दखं."

"हो," मी म्हटलं. "मला माहीत होतं."

"मंग सांगं का नही माले? तू बोलशी म्हनीसन मी रोज इचारू. रोज. आन तू म्हने, ऊन लागनं."

म्हणजे तो प्रश्न नव्हताच. म्हातारी रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहत होती आणि मी रोज तिला परत पाठवत होते. मला रडू आलं नाही, लाज वाटली.

"तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही बोलले," मी म्हटलं. मग वाटलं, आता तरी अर्धं बोलू नये. "आणि मला राग होता. तुमचा."

"आजून शे?"

"आहे."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चिडेल ऱ्हाय. पन बोल."

मी उठले. ड्रममध्ये पाणी होतं थोडं. नळ येणार की नाही याचा भरवसा त्याही दिवशी नव्हता. तरी ते सगळं बादलीनं कूलरमध्ये ओतलं. गल्लीचा कायदा गल्लीजवळ. पंपाचं बटन दाबलं. आधी मोटर नुसती खरखरली, मग गवतावरून पाणी उतरायला लागलं आणि ओल्या गवताचा वास सुटला. सासूबाई भिंत धरत धरत आत आल्या. मी नको म्हटलं नाही, दारं-खिडक्या सताड उघडून त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी कूलरसमोर हात धरला. हवा गार झाली होती.

"इतलाच येळ लागस?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. जुना कूलर, पत्र्याचं घर, तसाही म्हातारा होत चाललेला कुत्रा. वॉर्डात मी असं रोज काहीतरी बोलते.

"हो, आई. एवढाच."

मग त्या रडल्या. आस्क्या गेल्यापासून पहिल्यांदा, हात तसाच हवेत धरून. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, तो पडला होता तिथेच. माझाही बांध तेव्हा फुटला. गुणी होता हो तो. फार गुणी होता.

तेवढ्यात फोन वाजला. वृषाली. रोज संध्याकाळी करायची, आज जेवणाच्या सुट्टीतच केला होता. मी घेऊ की नको करत होते, तर सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"दे. मी सांगस तिले."

"आई, राहू द्या. मी बघते. ती पोरगी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे."

"मालूम शे. दे."

मी फोन त्यांच्या हातात दिला. आणि सवयीनं, त्या घरघरीत पोरीला काही ऐकू जाणार नाही म्हणून, कूलर बंद करायला बटनाकडे हात नेला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे चालू," त्या म्हणाल्या. "मी जोरमा बोलसू."